फोटोतलं पाचवं दार

आमच्या घराला सरकार पैसे देणार हे कळलं तेव्हा मला आधी हसूच आलं. महाद्वार रोडवरच्या या जुन्या घराला तोवर सरकारदरबारी एकच मान मिळाला होता, धोकादायक इमारतीच्या नोटिशीचा. तुळया कुजलेल्या, मागची भिंत फुगलेली. मी जयसिंगपूरच्या शाळेत शिकवते. माझा पगार डागडुजीतच मुरायचा. आणि आबा, म्हणजे माझे वडील, घर सोडायचं नाव काढत नव्हते. उचगावला माझ्या भावाच्या फ्लॅटवर कसेबसे चार दिवस राहिले आणि एकटेच रिक्षा करून परत आले.

अशात हेरिटेजची योजना निघाली. जुन्या पेठेतलं घर मूळ रूपात राखलं तर निम्म्याहून जास्त खर्च सरकारचा, वर घरफाळ्यात सूट. अट एकच. रस्त्याकडची बाजू जुन्या फोटोत असेल तशी हुबेहूब करायची.

पाहणीला एक तरुण आर्किटेक्ट बाई आल्या. आमच्या रस्त्याचा कुठलासा जुना फोटो त्यांनी शोधून आणला होता. त्यांनी वरच्या मजल्याची दारं मोजली, फोटोतली मोजली आणि खूश होऊन म्हणाल्या, "काका, घराला चारच दारं आहेत, फोटोत पाच! मधे अजून एक होतं की. पुढं छोटा सज्जासुद्धा!"

ते दार कुठं होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मधल्या खोलीतल्या त्या भिंतीवर आम्ही कधी कॅलेंडर लावलं नाही, तिला टेकून कुणी बसलं नाही. लहानपणी तिथं अभ्यासाला बसले की भर दुपारी वाटायचं, भिंतीपलीकडं कुणीतरी उभं आहे. आईला सांगितलं की ती मीठमोहऱ्या ओवाळायची आणि विषय बदलायची. मी काही भित्री नाही, शाळेतली पोरं मला टरकून असतात. पण त्या भिंतीकडं पाठ करून मी आजही केस विंचरत नाही.

आबा खुर्चीतून उठून त्या भिंतीपाशी गेले. "माझी धाकटी बहीण हितनं पडली. गणपतीची मिरवणूक बघताना. आई म्हणाली हुती, हिचा हात सोडू नगंस. खाली लेझीम आली, आन् मी टाळ्या वाजवल्या."

मला एक आत्या होती आणि ती सहा वर्षांची असताना गेली, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. ती पंचकात, अशुभ नक्षत्रावर गेली म्हणून भटजींनी ती खोली काही महिने बंद ठेवायला सांगितली होती. आजोबांनी सज्जा उतरवला आणि गवंडी बोलावून दारच बुजवलं. महिने सरले, आजोबाही सरले. ते उघडायचं धाडस कुणाला झालं नाही.

दार नाही तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर पुढच्या पावसात घर नाही, हे आम्हां तिघांनाही कळत होतं. शेवटी आबाच म्हणाले, "उघडा. पर कठडा माझ्या छातीएवढा करा."

"काका, फोटोत तो मांडीएवढाच आहे. उंच केला तर समिती पैसे अडवेल."

"फोटू काढणाऱ्याला काय ठावं?" आबा म्हणाले.

मी कचेरीत जाऊन भांडले. चांगला आवाज चढवून भांडले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती. साहेबांनी चहा मागवला आणि करार दाखवला. काम झाल्यावरही दर्शनी भागाला खिळा मारायचा नाही, असं त्यात होतं. घरी येऊन म्हटलं, दार होऊ दे, आपण आतून कुलूप घालू. आबा माझ्यावर खेकसले, "पुन्यांदा कोंडायची व्हय तिला?"

सही मात्र त्यांनी केली. माझ्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून केली, असं मला वाटतं, आणि ते मला अजून खातं.

घर आता देखणं दिसतं. परगावचे पावणे थांबून फोटो काढतात. त्यांच्या फोटोत नव्या सज्ज्याच्या दारात खुर्ची आडवी टाकून बसलेले आबाही येतात. काय हौशी म्हातारा आहे, म्हणतात. आबा रस्त्याकडं बघतच नाहीत. त्यांची नजर कठड्याच्या आत असते, दिवे लागेपर्यंत.

परवा भाकरी गार होत होती म्हणून मी त्यांना उठवायला गेले. "आबा, चला जेवायला."

"तू बस हितं. मग जातो."

मी खुर्चीत बसले. सज्ज्यात कुणीच नव्हतं. आबा आत जायला वळले, थांबले आणि चिडून म्हणाले, "बसलीस काय नुसती? हात धर तिचा."

मी धरला.