नाव एका ओळीत

आमचे हे, वैजनाथ, परळीहून पुण्यात आले आणि कसब्यातल्या एका छापखान्यात लागले. लग्नपत्रिका जुळवायचं काम. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे होते, मग कॉम्प्युटर आला, तोही शिकले. वर गणपती, खाली कुलदेवता, मग वडीलधारी मंडळी मानाप्रमाणे. कुणाचं नाव दोन ओळींत तुटू द्यायचं नाही, हा ह्यांचा नेम. अक्षर बारीक करतील, पण नाव मोडणार नाहीत.

पुढं पत्रिका मोबाईलवरूनच जायला लागल्या. मालक म्हणाले, "वैजनाथ, दिवाळीनंतर कुलूप. तुमचं तुम्ही बघा."

पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवणार? हे वेब डिझाईनच्या क्लासला बसले. शिकवणारी सबा आमच्या लेकीच्या वयाची. ती सांगायची, "काका, पान मापात बांधू नका. पडदा केवढाही असो, मजकुराला म्हणायचं, जागा मिळेल तसा बस."

"गणपतीलाही असंच सांगू का?" हे विचारायचे, आणि पोरं हसायची.

पण शिकले. घरी कॉम्प्युटरवरच्या खिडकीची कड ओढून पान अरुंद करून दाखवायचे. चौकटी आपोआप एकाखाली एक उतरायच्या. मला वाटलं, देव पावला.

मोबाईलवरच्या पत्रिका करणाऱ्या एका कंपनीत सबानं ह्यांचं नाव सुचवलं. तिथं परीक्षा झाली. संध्याकाळी दोघं घरी आले. हे चपला न काढताच खुर्चीत बसले.

"काकू, तुम्हीच विचारा काकांना," सबा म्हणाली. "येत असून केलं नाही. सगळ्या ओळी मापात जखडल्या. मोठ्या पडद्यावर इतकं देखणं दिसत होतं! मग तिथल्या साहेबांनी मोबाईलवर उघडलं, तर अर्धी पत्रिका पडद्याबाहेर. नवरीचं नावसुद्धा दिसेना."

"सैल सोडलं असतं तर आजोबांचं नाव वर आणि आडनाव खाली गेलं असतं," हे म्हणाले.

"अहो, परीक्षेतली खोटी नावं होती ती!"

"खोटी असतील. पण आजोबांच्या नावाआधी कैलासवासी लिहिलं होतं."

सबा कपाळाला हात लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काका, ते म्हणाले, काम सुंदर आहे, पण हे छापखान्याचं आहे."

"मग बरोबरच म्हणाले."

ती चहा न घेताच गेली. मी विचारलं, "परीक्षा पुन्हा देता येते का हो?"

"येते." हे वाकून चपला काढू लागले. "मला सगळं येत होतं गं. हातच गेला नाही. पुन्हा बसवलं तरी जायचा नाही."

मी आत जाऊन दिवा लावला. रोज मी ह्यांच्या नोकरीचं मागत होते. आज नुसतेच हात जोडले.