जिवती कुणाच्या हातची

हे मी कुणाला बोललेलो नाही. मुलाला नाही, बायकोला, कुसुमला तर नाहीच — आणि आता ती राहिली नाही. तुम्ही ऐका. मी चौथी शिकलेला सुतार, नीट मांडून सांगता यायचं नाही मला.

शेवटचं म्हणजे आम्ही दोघांनी मक्याच्या भुट्ट्यांचा कीस केला. श्रावणातली दुपार. मी परातीत किसत होतो, ती दूध तापवत होती. "अहो, भुट्टा किसा, बोटं नका किसू," म्हणाली, हसली. खाऊन आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो.

पण सांगायचं ते वेगळंच आहे.

आमच्या देवासात एक शेठजी आहेत, कारखानेवाले. चित्रांचं वेड. मुंबईहून, दिल्लीहून, परदेशातून चित्रं यायची — माणसापेक्षा उंच. एखाद्यात नुसता काळा पट्टा! त्यांच्या फ्रेमी मी करायचो. नवं चित्र आलं की शेठजी ते भिंतीला टेकवायला लावत, चपला काढून समोर जमिनीवर बसत. तासभर. बोलणं नाही, फोन नाही. केवढा माणूस — आणि एका पट्ट्यापुढे मांडी घालून! कोपऱ्यात उभा राहून मी बघायचो, अंगावर काटा यायचा. धारचा एक चित्रकार आजारी पडला तर त्याला वर्षभर घरी ठेवून घेतला, बरा होईतो. बदल्यात एक रेघसुद्धा मागितली नाही. असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

बारा वर्षांमागं, श्रावणातच, ते लाकूड बघायला माझ्या घरी आले. कुसुम माहेरी गेलेली, सरदारपुरला. आमच्यात श्रावणात भिंतीवर जिवती काढतात — लेकरांना राखणारी देवी. शेजारचे जिरोती म्हणतात. बाकीच्या बायका आता छापील कागद चिकटवतात. कुसुम हातानं काढायची, गेरूनं, पाळण्यासकट. दर श्रावणात जुनीवर चुना देऊन नवी.

शेठजी दारातच थांबले. मग — चपला काढल्या. माझ्या घरात, जमिनीवर बसले!

"किसका हाथ है ये, भिया?"

काय झालं मला? वीस वर्षं त्यांच्या फ्रेमी केल्या, माझ्या कामापुढे कधी कुणी चपला काढल्या नाहीत. आणि हिच्या गेरूपुढे?

"माँ का," मी म्हणालो. "पिछले साल गुजर गई. मिटाने का मन नहीं हुआ."

आईनं जन्मात गेरू हातात धरला नव्हता.

शेठजींनी भिंतीला हात जोडले. म्हणाले, त्या असत्या तर उजेडाची खोली दिली असती, रंग दिले असते, जगापुढे नेलं असतं. फोनवर फोटो काढला. तो मोठा करून त्यांच्या दालनात लावलाय, त्या उंच चित्रांच्या बरोबरीनं. खाली माझ्या आईचं नाव, आधी 'स्वर्गीय'. आणि फ्रेम कुणी केली? मीच केली.

तिथं जाता-येता बघायचो. एवढी मोठी झाल्यावर दिसलं मला — एकेक रेघ एका दमात ओढलेली, कुठं हात अडलेला नाही. रोज त्याच भिंतीखाली जेवत होतो, तेव्हा कसं दिसलं नाही? बाई पोळ्या लाटता-लाटता उठून हे काढायची!

"मलाही एकदा दाखवा ना तुमच्या शेठजींची चित्रं," ती म्हणायची. मी म्हणायचो, "तुला काय कळणार त्यातलं?" पुढं विचारायची बंद झाली.

तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी शेठजींचा फोन आला. "सुबह आता हूँ, भिया. थोड़ी देर तुम्हारे पास बैठूँगा." बारा वर्षांत मी त्यांना घरी येऊ दिलं नव्हतं; लाकूड मीच नेऊन दाखवायचो. आता मयताला येणाऱ्याला नको कसं म्हणणार? आणि भिंतीवर तिची ह्या श्रावणातली जिवती. गेरू ताजा. तोच पाळणा, तोच हात. शेठजींनी दारातूनच ओळखला असता.

सकाळी, घरातले उठायच्या आत, मी बादलीत चुना कालवला. एक हात दिला, गेरू दिसतच होता. दुसरा दिला, तरी पाळण्याची दोरी दिसत होती.

तिसरा दिला.