तीन दिवसांत झालेली कथा

भराभर लिहिणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय आहे. एका बैठकीत कथा लिहिली म्हणे! मग आत घातलंस काय, पाणी? माझी कथा तीन महिने घेते. लिहायची, मुरू द्यायची, खोडायची, पुन्हा लिहायची. चांगलं लिखाण असंच होतं, हे मी आमच्या मराठी मंडळात ऐटीत सांगत आले.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकातली कुणाची तरी कथा ऐनवेळी गळली. अंक काढणाऱ्या अक्कांचा फोन आला. त्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या, त्यांना नाही म्हणायची सोय नाही. "तीन दिवस आहेत. स्वल्प लवकर करा हो, सरी?" कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या आणि फोन ठेवून मोकळ्या.

बेळ्ळंदूरहून कोरमंगलाला ऑफिसात जाताना कॅब तासभर अडकते. तिथेच फोनवर बोलून बोलून कथा उतरवली. सासूबाई शेवटचं वर्ष आमच्याकडे होत्या, त्यावर. कन्नड येत नाही म्हणून एकटीने खाली न उतरणारी सासू एका दुपारी विचारते, "जरा बागेत नेतेस का गं?" त्या दिवशी घरून काम करणारी सून म्हणते, मीटिंग आहे. दार लावून घेते आणि लोळत मोबाइल बघत बसते.

तिसऱ्या दिवशी कथा पूर्ण! आणि चक्क बरी झालेली. मला धडकीच भरली. इतकं सोपं कसं गेलं? कुठे वाचलेलं तर उतरलं नाही ना? घरातले जुने अंक उपसले. काही सापडलं नाही, तरी मनात पाल चुकचुकतच होती. रविवारी सकाळी कागद नवऱ्यापुढे टाकले. तो सरकारी कारखान्यातला इंजिनिअर, कथासुद्धा पेन्सिल घेऊन तपासतो. म्हटलं, "खोट सापडली की सांग. उगाच छान म्हणू नकोस."

त्याने वाचली. मग एक पान मागे जाऊन पुन्हा वाचलं. पेन्सिल उचललीच नाही.

"त्या दिवशी मीटिंग नव्हती?"

"अरे, कथा आहे ती!" मी फाडकन म्हणाले. त्याने तेच पान माझ्यापुढे सरकवलं.

"नव्हती," मी म्हणाले.

तीन महिने मिळाले असते तर त्या सुनेला मी खरीखुरी मीटिंग दिली असती. दुसऱ्या खर्ड्यात ती हळहळली असती, तिसऱ्यात सासूला हाताला धरून बागेत घेऊन गेली असती. आजवर मी कथा मुरवत होते, की स्वतःला धुऊनपुसून घेत होते? मला माझीच भयंकर लाज वाटली.

"नको पाठवू का?" मी विचारलं.

"पाठव. एक शब्द बदलू नकोस." कागद सारखे करत तो थांबला. "आई त्या संध्याकाळी मला म्हणाली होती, पोरीला फार काम पडतं रे, तिला बागेचं वगैरे काही बोलू नकोस."