जुन्या जीपचं नवं इंजिन

आप्पांची जीप घाटात मधेच दम टाकायला लागली, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. आप्पा माझे वडील. त्यांचे डोळे अधू झाल्यावर तळोद्याहून डोंगरातल्या पाड्यांची त्यांची फेरी मी चालवत होतो. नव्या गाड्या सुसाट पुढे जायच्या आणि माझी चढावर काळा धूर ओकत उभी. पाड्यावरची माणसं एकदा त्या गाड्यांत बसायला लागली, की आप्पांनी जन्मभर जपलेली फेरी संपली. ही भीती मला स्वस्थ बसू देईना. ठरवलं, जुन्या जीपमध्ये नव्या गाडीचं इंजिन बसवायचं.

आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते हसले. "इंजिन बसाडनं सोपं शे भाऊ, बाकीनं सामानच पैसा खाई जास."

आणि खाल्लाच. सुरतेच्या भंगार बाजारात अपघातातल्या गाडीचं इंजिन बऱ्या भावात मिळालं. पण ते जुन्या गिअरबॉक्सला जोडायला लेथवर वेगळी प्लेट बनवायची, रेडिएटर मोठा लावायचा, वायरिंग त्याच्या कंप्युटरसकट आणायचं, वर आरटीओची मंजुरी. मी घास हातात धरून हिशेब करायचो. जमला म्हणून आडवा व्हायचो आणि काहीतरी राहिलं म्हणून उठून बसायचो.

"तुम्ही इंजिन गाडीले बसाडी ऱ्हायनात का सोताले?" बायको म्हणाली.

आप्पांनी एवढ्या सगळ्यात एकच विचारलं. "आवाज कसा ऱ्हाई?"

"आवाज? आवाजच येवाव नही! चालू शे का बंद, समजाव बी नही."

त्यांनी कूस बदलली. मला रागच आला. माणूस एवढी धडपड करतोय आणि शाबासकीचा एक शब्द नाही!

शेवटी वायरिंगच्या खर्चापाशी घोडं अडलं. तेव्हा अक्कलकुव्याकडे जीप चालवणारा एक जण माझं जुनं इंजिन सायलेन्सरसकट विकत घ्यायला तयार झाला. त्याचं स्वतःचं जाम झालं होतं, चाचा हे दुरुस्त करून त्याच्या जीपला बसवणार होते. हिशेब जुळला. त्या दिवशी मी घरी भजी घेऊन गेलो.

इंजिन बसलं, पासिंग झालं, आणि पहिल्या बाजाराच्या दिवशी मी लोण्यातून सुरी जावी तसा घाट चढलो. पाड्याच्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे पाड्यावरची माणसं रस्त्यावर ताटकळत नाहीत. घरं उतारावर विखुरलेली. खालच्या वळणावर गाडीची धडधड ऐकू आली, की बायका टोपल्या डोक्यावर घेऊन निघतात आणि गाडी वर येईतो थांब्यावर पोचतात. मी हॉर्न वाजवला. हॉर्न काय, सगळेच वाजवतात. कंटाळून रिकामी गाडी घेऊन तळोद्याला परतलो.

थोड्या वेळानं बाजारात माझीच माणसं त्या अक्कलकुव्याच्या जीपमधून उतरत होती; माझ्यामागून त्यानंही आमच्या घाटात फेरी मारली होती. तो निर्लज्जपणे हसला. "मी आख्खा घाट चढना बी नव्हतू, लोकं पयत उनात!"

आप्पांच्या शेजारी कायम पुढच्या सीटवर बसणारी म्हातारी सीताफळांची टोपली उतरवत होती. घरी ती पावरी बोलते, आमच्याशी बाजारातली अहिराणी.

"तू कोठे व्हता?" ती माझ्यावरच चिडली. "तुन्ही गाडी तर उनी व्हती."

माझी गाडी आली होती? मी तिला माझी जीप दाखवली. तिनं परक्याच्या गाडीकडे बघावं तसं बघितलं आणि टोपली उचलून गेली.

पुढच्या बाजाराला मी लवकर निघालो. गाडी थांब्यावर लावली आणि धापा टाकत पाडा चढलो. घरोघर सांगत फिरलो, गाडी आलीय, खाली उभी आहे, चला. लोक माना डोलवत आणि आपल्या कामाला लागत. म्हातारीच्या अंगणात पोचलो. तिलाही तेच सांगत होतो, तेवढ्यात खालच्या वळणावरून धडधड ऐकू आली. लहानपणापासून ओळखीची.

म्हातारीनं टोपली डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "चाल, गाडी उनी."