नळातली झिणझिण

आज नव्या न्हाणीघरात वीजमिस्त्री लोखंडी पाइपला हिरवी वायर बांधत होता. ओल्या लोखंडाचा वास आला आणि मी नागभीडच्या सासरी, अंगणातल्या नळापाशी जाऊन उभी राहिले.

लग्न नवं होतं. त्या नळाला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. सासूबाई डोळे बारीक करून बघायच्या. "आमाले तं काई होत नाई. तुलेच काऊन होते? कामाचा कंटाळा येते म्हन न!" पुढेपुढे मलाच माझा संशय येऊ लागला.

एकदा त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. टाचा फुटल्यामुळे त्या सतत रबरी चप्पल घालत. मी अनवाणी. "आई, चप्पल काढून लावा न हात," मी बोलून गेले.

मला खोटं पाडायला त्यांनी चप्पल काढली, ओल्या फरशीवर उभं राहून नळ धरला, आणि "अवो माय!" म्हणत मागे कोसळल्या.

त्याच दुपारी बोलावलेल्या मिस्त्रीने कारण शोधलं. शेजाऱ्याने कूलरची अर्थिंगची वायर आमच्या सामाईक पाइपला बांधली होती. जमिनीतला पाइप मात्र बदलून प्लॅस्टिकचा केलेला. बिघडलेल्या कूलरचा करंट जमिनीत न जाता नळात यायचा. मिस्त्रीने ती वायर तोडली.

तेव्हा मला खरी ठरल्याचा आनंद झाला होता. त्या उठल्याच नसत्या तर, हे आज अंगावर येतं.

त्या दिवशी संध्याकाळी पाणी आलं. मी घागर उचलली, तर सासूबाईंनी मला मागे सारलं.

"थांब. पयले मी पायतो."

आणि त्यांनी चप्पल काढून नळाला हात लावला.