रोहतांगच्या अलीकडे

दहा ऑक्टोबर. मनालीत भाड्यानं घेतलेल्या मोटरसायकलचे आरसे जुळवणं, हे त्या सकाळचं पहिलं काम होतं. उजवा रस्त्यासाठी. डावा मात्र मी असा वळवला, की मागं बसलेल्या यजमानांचं तोंड त्यात पूर्ण दिसावं. मागून ट्रक आला तर कसा कळणार, असं गाडीवाल्यानं विचारलं.

“ट्रक भोंगा वाजवतो,” मी म्हटलं. “हे वाजवत नाहीत.”

लालबागच्या कापडगिरणीत आमच्या पिढीला ओठ वाचायला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. यजमान साळखात्यात (मागांच्या विभागात) होते, मी वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात. यंत्रांच्या आवाजात ओरडून उपयोग नसायचा. बोलणं ओठांनी आणि हातांनी, भांडणंसुद्धा. आमचं लग्नही खात्याच्या दारातून असंच, आवाज न करता ठरलं.

रोहतांगचं वेडही तिथलंच. सूत तुटू नये म्हणून साळखात्यात हवा दमट ठेवत. त्या उकाड्यात यांच्या साच्यांसमोर (मागांसमोर) खांबावर बर्फातल्या घाटाचं कॅलेंडर लटकत असे. तारखा कधीच फाडून झाल्या होत्या, चित्र राहिलं होतं. संपानंतर गिरणी गेली, तिच्याबरोबर चित्र गेलं. कापसाची तुसं तेवढी यांच्या छातीत राहिली. मुलीचं लग्न उरकलं त्या आठवड्यात म्हणाले, “एकदा तो घाट चढून पलीकडं उतरायचं.” डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. मी अट घातली: खोकला आला, की असू तिथून परत.

गाडी मी चालवते. गिरणी सुटल्यावर खाणावळ काढली आणि हिंदमाताच्या साडीदुकानांत डबे पोचवायचे म्हणून शिकले. डब्यांपेक्षा नवरा मागं बसलेला बरा. तो सांडत नाही.

मनाली सोडल्यावर रस्त्याकडेला भाड्याच्या कोटांच्या टपऱ्या लागल्या. यांनी गुडघ्यापर्यंत येणारा केसाळ कोट चढवला.

“कसा दिसतो?”

“राणीच्या बागेतून सुटल्यासारखे.”

देवदारांची गर्दी हळूहळू विरळ झाली, मग झाडंच संपली. मढी या ठिकाणी ढाब्यावर राजमा-भात खाल्ला. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, मुंबईत बर्फ असतो का?

“असतो की,” हे म्हणाले. “बाजारात. मासळीवर.” बाई पदर तोंडाला लावून हसली.

मढीच्या वर कडेला बर्फाचे ढीग आणि रस्त्यावर वितळलेला चिखल. बोटं इतकी बधिर झाली, की क्लच दाबला की नाही ते गाडीला हिसका बसल्यावर कळे. तरी आरशात आमचं बोलणं चालू होतं. “हळू,” यांचे ओठ म्हणत. “खड्डा.” “ती बघ गो, मेंढरं.” मला हसू येत होतं. इतक्या वर्षांनी आम्ही पुन्हा खात्यातल्यासारखे बोलत होतो.

मग एका वळणावर यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. वारा तर मघापासून तितकाच होता. मी गाडी कडेला घेतली.

“मफलर खाली करा.”

मान हलवून नाही म्हणाले.

“खाली करा म्हणते ना.”

ओठ जांभळट झाले होते. मढीपासून दाबून ठेवलेला खोकला एकदम बाहेर आला. माथ्यावरची रंगीत निशाणं तिथून दिसत होती.

“अट आठवते?” मी विचारलं.

“एवढ्यावर येऊन? अजून संप मागं घेतला नाय आम्ही!”

“म्हणून तर मी डबे पोचवतेय.”

हसायला गेले आणि श्वासच अडकला. दगडावर बसवलं, पाठ चोळली. बराच वेळ आवाज फुटेना. शेवटी नुसते ओठ हलले: “फिरव.” यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच पाहिला.

थेट कोठी गावापर्यंत खाली उतरलो. तिथल्या खोलीत बुखारी (लोखंडी शेगडी) पेटवून दिली, तासाभरात यांचा श्वास जाग्यावर आला. चहा पिताना म्हणाले, “उद्या तू एकटीच जा. पलीकडं उतरून ये.”

मी कप खाली ठेवला. संप लांबला होता तेव्हा एकदा वाइंडिंग सुरू करतायत, बायकांना बोलावलंय, अशी बातमी आली. घरात तांदूळ संपत आलेले. तेव्हाही हे असंच म्हणाले होते, तू जा. मी गेले नाही. आपलं माणूस फाटकाबाहेर उभं असताना आत पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत होती. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. फक्त एक गोष्ट विचारायची राहून गेली होती.

“तेव्हाही जा म्हणाला होतात. मनापासून?”

यांनी बुखारीत एक लाकूड सारलं. “तेव्हा नाय,” म्हणाले. “गेली असतीस तर तोंड दाखवलं नसतं मी कुणाला. तुलासुद्धा.”

“आणि आता?”

“आता जा गो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्या उशाशी गरम पाणी ठेवलं, हातमोज्यांच्या आत वर्तमानपत्राचे तुकडे कोंबले आणि निघाले. कालचं वळण थांबून बघितलं नाही. माथ्यावर उभं राहवत नव्हतं इतका वारा होता. पलीकडे लाहौलचा मुलुख: तपकिरी, उघडा, एक झाड नाही. ओलांडला असं खरेपणानं सांगता यावं म्हणून थोडं खाली उतरले, मग वळले.

कोठीला पोचले तर हे कोट घालून रस्त्यावर येऊन उभे.

“काय आहे पलीकडं?”

“दगड,” मी म्हटलं. “बघण्यासारखे आहेत पण.”

मग जेवायला बसवून यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं.