मागच्या दाराची घंटा

आमच्या घरात चोराने नेण्यासारखं नेमकं काय होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दोन तांब्याचे हंडे, एक घंगाळ, सासूबाईंची समई आणि माजघरात भाताची भलीमोठी कणगी. ती कणगी न्यायची तर चोराला चार माणसं आणि बैलगाडी आणावी लागली असती. पण ह्यांच्या डोक्यात एकदा चोर शिरला तो शिरला. मग बाकी कुणाला काही बोलायची सोय उरली नाही.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती आणि आता ह्या वयात घ्यायला जीभ वळत नाही. ते मुंबईला एका गिरणीत वायरमन होते. सासरे वारल्यावर शेती बघायला माणूस नाही म्हणून नोकरी सोडून रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत परत आले, ते एक लोखंडी ट्रंक घेऊन. मुंबईहून माणूस आला, ट्रंक आणली, तेव्हा आत निदान एक लुगडं असेल असं मला वाटणारच. उघडून बघते तर सूत गुंडाळलेल्या तारेची वेटोळी, पितळेच्या पट्ट्या, दोन चौकोनी काचेच्या बरण्या आणि एक घंटा.

वाडीत वीज यायला तेव्हा अजून पुष्कळ वर्षं होती. ह्यांनी बरण्यांत नवसागराचं पाणी केलं, त्यात जस्ताच्या कांड्या सोडल्या, बरण्या माजघरातल्या फडताळात ठेवल्या आणि मला म्हणाले, “ही आपली वीज.” नवसागर मी तोवर फक्त कल्हईवाल्याकडे पाहिला होता. सासूबाईंना त्या बरण्या फार आवडल्या. त्यातली एक लिंबाच्या लोणच्याला मिळावी म्हणून त्या आठवडाभर मुलाच्या मागे होत्या.

घंटा बसली माजघरात, तुळईला. मागच्या दारात उंबऱ्याच्या आत एक फळी बसली. फळीवर पाय पडला की तिच्याखालच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि घंटा खणखणायची. चोर नेहमी मागच्या दाराने येतो, असं ह्यांचं म्हणणं. अहो, चोर कशाला, आमच्याकडे सगळं जगच मागच्या दाराने यायचं! पुढच्या दाराने यायचे ते फक्त तलाठी आणि व्याही.

पहिल्या दिवसापासून त्या घंटेने माझं डोकं उठवलं. मांजर आलं, वाजली. कोंबडी आली, वाजली. मी न्हाणीतून पाण्याची कळशी घेऊन आले, वाजली आणि कळशी हातातून सुटली. पावसाळ्यात तर फळी फुगून बसायची आणि कुणी नसतानाही घंटा सुरू व्हायची. खाऱ्या वाऱ्याने पट्ट्यांवर हिरवट थर चढला की हे चिंच घेऊन त्या घासत बसायचे, आणि मी आमटीत चिंच कुठून घालू म्हणून डबे धुंडाळायची. वर ह्यांची एक वही होती. गिरणीत म्हणे प्रत्येक बिघाड वहीत लिहायची शिस्त होती. तेव्हा घंटा वाजली की आधी उठून बघायचं आणि मग सुबक अक्षरात लिहायचं, “सकाळी, एकदा. मांजर.” मला चौथीपर्यंत वाचता येत होतं. त्या वहीची पानंच्या पानं मी पाहिलेली होती. सगळीकडे मांजरच. पुढे पुढे हे उठून बघायचेही नाहीत, बसल्या जागेवरूनच लिहायचे.

आता काकीबद्दल सांगायला हवं. आमच्या परसाला लागून एका विधवा बाईचं घर होतं, आमच्याच भाऊबंदांतलं. ती एकटीच राहायची. सगळे तिला काकी म्हणत, म्हणून मीही. चाळीसएक वर्षं ती रोज सकाळी नारळाची करवंटी घेऊन आमच्याकडे विस्तव न्यायला यायची. काड्यापेटी तेव्हा मिळत नव्हती असं नाही, पण शेजारच्या चुलीत निखारा असताना काडी कशाला ओढायची, अशी रीत होती. काकी हाक मारायची नाही. सरळ मागच्या दाराने आत, चुलीपाशी, करवंटीत दोन निखारे, आणि मग जाता जाता माझ्या प्रत्येक भांड्यावरचं झाकण उचलून बघायचं. “पेज पातळ झालीय गो.” “ह्या भाजीत खोबरं न्हाय घातलंस?” मला ह्याचा इतका राग यायचा म्हणून सांगू! घर माझं, चूल माझी, आणि झाकणं उघडणार ही.

फळी बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकी नेहमीसारखी आली आणि डोक्यावर घंटा कडाडली. ती जी उडाली ती तिथेच उंबऱ्यात बसली. हातातली रिकामी करवंटी लांब जाऊन पडली. हे दांडा घेऊन धावत आले. तिला बघून दांडा मागे लपवला आणि वर शहाणपण शिकवलं, “काकी, आता येताना पुढच्या दाराने येत जा. हाक मारून.”

काकी उठली, लुगडं झटकलं. “चाळीस वरसं येताव मी ह्या दारानं. तुझा बारसा जेवलेय मी. आणि मी चोर व्हय रे?”

विस्तव न घेताच ती गेली. त्याच दिवशी तिने दुकानातून काड्यापेटी आणवली. नंतर परसात समोर आली तरी तोंड फिरवून जायची. सासूबाई हळहळल्या, ह्यांना बोलल्या. मी मात्र खरं सांगते, मनातून खूश झाले. निदान माझी झाकणं तरी आता जागच्या जागी राहणार होती.

पुढच्या पावसाळ्यात माझं दुसरं बाळंतपण आलं. पहिलं माहेरी झालं होतं. मुलगा झाला आणि तीन महिन्यांचा होऊन गेला. हे तेव्हा मुंबईला होते. पत्र मिळून घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल हे माझ्याशी कधी अक्षर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण मुलगी झाल्याबरोबर ह्यांनी बाळंतिणीच्या खोलीवर जो हल्ला चढवला, त्यावरून मला कळायचं ते कळलं. ही मुलगी हातची जाऊ द्यायची नव्हती. मलाही नव्हती, पण त्यासाठी मला पेटीत बंद करायची काय गरज होती?

खोली माजघराच्या मागे, मुळातच अंधारी. एकुलती एक खिडकी होती, तिला पावसाचं वारं नको म्हणून फळ्या ठोकल्या. दाराखालच्या फटीतून सापकिरडू येईल म्हणून गोणपाट घट्ट बसवलं. मांजर बाळाजवळ जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी. शिवाय माझ्या उशाशी एक लाकडी बटण, त्याच घंटेला जोडलेलं, काही लागलं तर दाबायला.

मी म्हटलं, “अहो, घंटा एकच. मांजराने वाजवली की मी, तुम्हाला कळणार कसं?”

“तू दोनदा दाब. मांजर एकदाच वाजवतं.”

“आत जाऊन बाहेर येईल तर दोनदाच वाजवील की रे,” सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

बाजेखाली कोळशाची शेगडी रीतीप्रमाणे होतीच. बाळंतिणीला शेक हवा, त्याशिवाय कसं चालेल? पण इतर घरांत भिंतीला, कौलांना, दाराला चार फटी असतात. आमच्याकडे एका हुशार वायरमनने त्या सगळ्या शोधून शोधून बुजवल्या होत्या. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जिवाचा बंदोबस्त झाला होता. आत काय कोंडलं जातंय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

बाळ पंधरा दिवसांचं झालं असेल. सकाळची वेळ होती, पाऊस तीन दिवस खळला नव्हता. कोळसे ओले होते. सासूबाईंनी ते कसेबसे फुलवून शेगडी आत सरकवली, कडी लावली आणि गोठ्यात गेल्या. हे पडवीत तारा सोडवत बसले होते. मला आधी डोकं जड वाटलं. मग हातपाय माझे नाहीतच असं वाटायला लागलं. बाळ कुशीत होतं, त्याची दूध प्यायची वेळ उलटून गेली होती, आणि ते रडत नव्हतं. ते रडायला हवं, एवढं मला कळत होतं, पण मानसुद्धा वळवता येईना. मोठ्या मुश्किलीने हात उशाशी नेला आणि बटण दाबलं. परत एकदा दाबलं. त्यानंतरचं मला आठवत नाही.

पुढचं काकीने सांगितलेलं. तिची काड्यापेटी त्या पावसात सादळली होती. तीन दिवस एक काडी पेटली नव्हती. शेवटी रुसवा गिळून ती करवंटी घेऊन आमच्या मागच्या दाराशी आली. “त्या मेल्या फळीवर पाय देणार न्हाय म्हनलं,” म्हणून लुगडं वर धरून फळी ओलांडून आत आली. चुलीतले निखारे घेतले. आता मुकाट्याने जायचं की नाही? पण झाकण बघितलं की उचलायचं, ही तिची खोड. बंद दार दिसलं, आतून हू नाही की चू नाही, तिने कडी काढली आणि दार ढकललं.

तिने आधी मुलीला उचललं आणि बोंबलतच पडवीत नेलं. ह्यांनी आणि सासूबाईंनी मिळून मला बाहेर ओढलं. मी डोळे उघडले तेव्हा तोंडावर पावसाचे शिंतोडे येत होते आणि काकी मुलीला उताणी मांडीवर घेऊन तिच्या तळपायांवर चापट्या मारत होती. किती वेळ मारत होती कुणास ठाऊक. मग मुलगी रडली. इतकं चांगलं रडणं मी जन्मात ऐकलेलं नाही. हे खांबाला धरून उभे होते.

रत्नागिरीहून डॉक्टर आले ते म्हणाले, कोळशाचा वायू कोंडला, अजून थोडा वेळ गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, “मी दोनदा दाबलं होतं. ऐकू नाही आलं?”

“वाजलीच नाही,” हे म्हणाले. “बरण्यांतला नवसागर उतरला होता.”

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत ह्यांनी खिडकीच्या फळ्या उखडल्या, घंटा, तारा, पट्ट्या सगळं काढलं, ट्रंकेत भरलं आणि कुलूप लावलं. बरण्या सासूबाईंना दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी करवंटी घेऊन आत आली, आमटीवरचं झाकण उचललं आणि म्हणाली, “मीठ कमी हाय गो.” मला राग आला. तो यायलाच हवा होता. तरीही मी बाजेवर पडल्या पडल्या पोटभर रडून घेतलं.

त्या घंटेवरून मी ह्यांना आयुष्यभर छळलं. मांजरासाठी वाजली, कोंबडीसाठी वाजली, आणि बायको मरत होती तेव्हा मेली गप्प बसली! पाहुण्यांसमोर सांगायची, लेकीसमोर सांगायची. सगळे हसायचे. हे खाली बघून सुपारी कातरत राहायचे. एकदाही उलटून बोलले नाहीत. मला वाटायचं, आपल्या यंत्राने दगा दिला म्हणून शरमत असतील.

हे गेल्यावर दिवसकार्य आटोपलं आणि लेकीने ती ट्रंक उघडली. तारा गंजून गेल्या होत्या. घंटेखाली वही होती. कामाला बसलेल्या बायकांसारख्या आम्ही दोघी पडवीत पाय पसरून बसलो आणि ती पानं उलटू लागली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मी तिचा हात थांबवला. तारीख मला पाठ होती. पुढे तेच सुबक अक्षर, “सकाळी, दोनदा. मांजर.”

त्याखाली वही कोरी होती.

मी ते परत परत वाचलं. एवढी वर्षं मी नवसागराला बोल लावत होते आणि हे ऐकून घेत होते. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग सोडून दिलं असतं. तेवढंही ह्या माणसाला उमगू नये? आता भांडायचं तरी कुणाशी!

“आई,” लेक हसत म्हणाली, “किती गं मांजरं होती आपल्याकडे!”

“होती,” मी म्हटलं, आणि तिच्या हातातून वही घेतली.